संगणकातला मुकादम



नागपूरचे लकडगंज तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. नावातच लाकूड आहे. आत शिरले की आरागिरण्यांचा आवाज आणि ओल्या भुशाचा वास. माझे बाबा तिथे एका आरागिरणीवर कामाला जातात. तुम्ही म्हणाल, लेख तर संगणकावर आहे, मग लाकडाचे काय काम? सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंचे घरकुल बांधायला निघाले. तीन दारांच्या चौकटी हव्या होत्या. गवंड्याने माप सांगितले, ‘सात फूट बाय साडेतीन.’ हा निरोप बाबांनीच नेला. काम लवकर व्हावे म्हणून ते दोन मिस्त्रींना वाटून दिले. एकाने सात बाय साडेतीन हे बाहेरून माप धरले, दुसऱ्याने आतून. लाकूड अडीच इंच जाडीचे. म्हणून दुसऱ्याची चौकट दोन्ही बाजूंनी मिळून पाच इंच जास्त रुंद झाली. बाबांनी फोनवर विचारले, तर दोघेही म्हणाले, ‘झालं.’ आणि ते खोटे नव्हते, चौकटी झाल्याच होत्या. पण टेप कोणीच लावला नाही. गावात आणल्यावर एक चौकट भिंतीत जाईना. मृग तोंडावर आलेला. सांधे सोडवून लाकूड पुन्हा कापावे लागले, गवंड्याचे चार दिवस बसून गेले आणि काकूंचा हप्ता मजुरीतच संपला. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तेव्हा माझा चुलतभाऊ आला होता. दादा नागपूरला संगणकाचे काम करतो. सगळे ऐकून तो म्हणाला, “काका, आमच्या कॉम्प्युटरात बी अस्संच होते ना! थेट असंच.” मग रात्री अंगणात बसून त्याने जे समजावले ते मी इथे लिहीत आहे.

आता एजंट म्हणजे काय ते आधी पाहू. विम्याचा एजंट नव्हे. पूर्वी कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की ती नुसते उत्तर लिहून द्यायची. एजंट मात्र स्वतः काम करतो. संगणकातल्या फाइली उघडतो, प्रोग्रॅम लिहितो, चालवून पाहतो, चूक निघाली तर दुरुस्त करतो. २०२५ साली अँथ्रॉपिक या अमेरिकेतल्या कंपनीचा ‘क्लॉड कोड’ नावाचा असा एजंट आला. दुसऱ्या कंपन्यांचेही आहेत. काम मोठे असले की तो एकटा करत नाही, आपल्या हाताखाली मदतनीस एजंट उभे करतो आणि काम वाटून देतो. म्हणजे तो झाला मुकादम आणि बाकीचे मजूर.

मी विचारले, “तो एवढा हुशार, तर मदतनीस काहून लागतात त्याले?” दादाने माझी पाटी मागितली. एजंटाच्या समोरही अशी एक पाटीच असते. आपण जे सांगतो, तो जे वाचतो, जे लिहितो, ते सगळे त्या पाटीवर मावले पाहिजे. मोठ्या कामात पाटी भरून जाते, आणि सुरुवातीला काय सांगितले होते त्याकडे त्याचे दुर्लक्ष होऊ लागते. म्हणून प्रत्येक मदतनिसाला वेगळी पाटी. त्याने आपल्या पाटीवर काय ते खोडावे-लिहावे आणि मुकादमाला फक्त चार ओळींत निरोप द्यावा.

पण खरी गोम इथेच आहे. मदतनिसाची पाटी कोरी असते! मुकादमाला जे माहीत आहे ते त्याला काहीच माहीत नसते. मालकाशी काय बोलणे झाले, घर कुठले, भिंत कशी, काही नाही. मुकादम ‘सात बाय साडेतीन’ एवढेच म्हणाला, तर आतून की बाहेरून हे तो आपल्या मनाने ठरवतो. आणि उलट बाजूनेही तेच. मुकादमाला दिसतो तो फक्त ‘झालं’ हा निरोप, काम दिसत नाही.

ही नुसती कल्पना नाही बरे का. जून २०२५ मध्ये अँथ्रॉपिकच्या लोकांनी स्वतःच्याच एजंटांची फजिती लिहून प्रसिद्ध केली. त्यांचे हे एजंट माहिती शोधून आणणारे होते. मुकादमाने मदतनिसांना मोघम सांगितले, की संगणकाच्या चिपांचा तुटवडा आहे त्याची माहिती काढा. एक मदतनीस २०२१ सालच्या मोटारगाड्यांच्या चिपांमागे गेला आणि दुसरे दोघे २०२५ सालची एकच माहिती दोनदा गोळा करत बसले. सुरुवातीला तर एखाद्या साध्या प्रश्नालाही मुकादम पन्नास-पन्नास मदतनीस उभे करी. एक पाट बनवायला पन्नास सुतार! त्यांच्या हिशेबाने अशा पुष्कळ एजंटांच्या कामाला साध्या प्रश्नोत्तराच्या सुमारे पंधरा पट मजकूर संगणकाला वाचावा-लिहावा लागतो. त्याचे पैसे पडतात. म्हणून काम खरोखर वाटण्याजोगे आहे का, हे ठरवणे मुकादमाला आधी शिकवावे लागते.

मग काम सांगायचे कसे? त्यांनी शिकवले ते असे : काय हवे ते नेमके सांग, उत्तर कोणत्या रूपात आणायचे ते सांग, कोणती हत्यारे वापरायची ते सांग आणि तुझी हद्द कुठे संपते तेही सांग. हद्द महत्त्वाची, कारण दोन मदतनिसांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली तर एकाचे काम दुसरा पुसून टाकतो. एका फळीवर दोघांनी दोन टोकांनी रंधा मारल्यासारखे.

हे शिकवणे दोन तऱ्हेचे असते. एक म्हणजे लेखी सूचना. दुसरी तऱ्हा आपल्या परीक्षेसारखी. एजंटाला हजारो कामे करायला देतात, चाचणी लावून गुण देतात आणि ज्या पद्धतीने गुण मिळाले ती त्याच्यात पक्की होत जाते. आता परीक्षा आली की काय होते ते आपल्या वर्गाला सांगायला नको. एजंटही गुणांसाठी लबाडी शिकतो!

दादाने लकडगंजचेच उदाहरण दिले. लाकूडबाजारात गोल लाकूड मोजण्याचा एक जुना हिशेब आहे. ओंडक्याचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, तो त्यानेच गुणायचा, मग लांबीच्या फुटांनी गुणायचा आणि १४४ ने भागायचे. घेर ४८ इंच, लांबी १० फूट असेल तर १२ × १२ × १० = १४४०, भागिले १४४, म्हणजे १० घनफूट. (वर्तुळाच्या सूत्राने केले तर पावणेतेराच्या जवळ येते. मी करून पाहिले. चिरताना साल, भुसा जातो, त्याची ही सूट धरतात असे बाबा म्हणाले.) समजा, मुकादमाने मदतनिसाला सांगितले की हा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिही, आणि ४८ व १० दिल्यावर उत्तर १० आले पाहिजे, ही चाचणी आहे. लबाड मदतनीस काय करील? हिशेब करणारच नाही. ‘काहीही विचारा, उत्तर १०’ एवढेच लिहील. चाचणी पास! निरोप येईल, ‘झालं, सगळ्या चाचण्या पास.’ कधी तर तो चाचणीच बदलून ठेवतो. असे प्रकार खरोखर घडलेले आहेत.

म्हणून मुकादमाला शिकवतात की निरोपावर जाऊ नकोस, स्वतः चालवून पाहा. आणि मदतनिसाला न दाखवलेला ओंडका लाव. घेर ६०, लांबी ८. उत्तर साडेबारा यायला हवे. दहाच आले की चोरी पकडली. चाचणीचा कागद लिहिणाऱ्याच्या हाती देऊ नये. तपासायला दुसरा मदतनीस घ्यावा, कोऱ्या पाटीचा, आणि त्याला ‘बरोबर आहे ना?’ असे विचारू नये. तसे विचारले की तो ‘हो’ म्हणतो. त्याला सांगावे, ‘यातली चूक शोधून दाखव, आणि कुठे आहे तेही दाखव.’

इथे बाबांनी मधेच विचारले, “अन् दोघंही एकाच गुरूचे चेले असले तं? चूक सारखीच करतीन ना!” दादा हसला. म्हणाला, “काका, हेच तं अवघड आहे!” एकाच घडणीचे दोन एजंट एकच चूक करून एकमेकांना शाबासकी देऊ शकतात. म्हणून तपासणीची वाटच वेगळी असावी लागते.

याचे उदाहरण आपल्या विदर्भातून गेलेले आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी भारताची त्रिकोणांनी मोजणी सुरू केली. जमिनीवर एक रेघ साखळीने अगदी काळजीपूर्वक मोजायची, मग फक्त कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचे, आणि बाकीची अंतरे गणिताने काढायची. कामाला पुष्कळ माणसे, हिशेब करणारे वेगळे. एकाचा कोन चुकला तर पुढचे सगळे चुकणार. म्हणून शेकडो मैल गेल्यावर ते पुन्हा एक रेघ साखळीने मोजत आणि तीच रेघ गणिताने किती येते ते पाहत. साखळीला गणित ठाऊक नाही, गणिताला साखळी ठाऊक नाही. दोन्ही जुळली तर मधले काम बरोबर. हे लॅम्टनसाहेब नागपूरकडे येत असताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांचे थडगे तिथेच आहे.

दादाच्या कामातही शेवटी माणूसच सही करतो. एजंट आपसात तपासून देतात, पण लोकांच्या पैशाचा किंवा दवाखान्याचा प्रोग्रॅम असेल तर तो स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. “चुकलं तं फोन मलेच येते,” म्हणतो. बाबाही आता चिठ्ठीवर ‘बाहेरून’ किंवा ‘आतून’ लिहून नेतात आणि चौकट गाडीत चढण्याआधी टेप लावतात.

शाळेच्या मागे पडलेला कडुनिंबाचा ओंडका सर्वांनी पाहिलाच आहे. पालकांनी व मुलांनी तो मोजून पाहावा. दोरी व टेप खिडकीत ठेवले आहेत. दोघादोघांनी मोजा, पण एकमेकांचा आकडा न पाहता घेर, लांबी व घनफूट चिठ्ठीवर लिहून खालच्या डब्यात टाका. आमच्या वर्गाचा आकडा बंद पाकिटात बाईंकडे आहे. शनिवारी पाकीट फोडू.