समुद्रजलाचे वस्तुमान आणि आकारमान

समुद्रजलाच्या ठरावीक वस्तुमानाने व्यापलेली जागा, म्हणजेच त्याचे आकारमान, घनतेच्या साहाय्याने काढता येते. त्यासाठी वस्तुमानास घनतेने भागतात. समुद्राच्या पृष्ठभागालगतच्या पाण्याची घनता सरासरी १,०२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली जाते. त्यानुसार १ टन (१,००० किलोग्रॅम) समुद्रजलाचे आकारमान ०.९७५६ घनमीटर, म्हणजे सुमारे ९७५.६ लिटर होते. तेवढेच गोडे पाणी जवळजवळ १,००० लिटर भरते. ‘एक लिटर म्हणजे एक किलो’ हा व्यवहारातील हिशेब त्यामुळे समुद्राच्या पाण्याला तंतोतंत लागू पडत नाही.

अडीच टक्क्यांचा हा फरक घरगुती मोजमापात नगण्य असला, तरी नौकानयनात तो दुर्लक्षून चालत नाही. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारे जहाज स्वतःच्या वस्तुमानाइतके पाणी बाजूला सारते. समजा, मालासह १०,२५० टन वस्तुमानाचे जहाज बंगालच्या उपसागरातून हुगळी नदीवरील कोलकाता बंदराकडे निघाले आहे. १,०२५ घनतेच्या पाण्यात ते १०,००० घनमीटर पाणी बाजूला सारते. नदीच्या गोड्या पाण्यात मात्र त्याला १०,२५० घनमीटर पाणी सारावे लागते. पाण्याच्या पातळीवर जहाजाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ १,२५० चौरस मीटर असल्यास हे जादा २५० घनमीटर भागवण्यासाठी जहाज २० सेंटिमीटर अधिक बुडते. मालात एका पोत्याचीही भर पडलेली नसते; तरीही उथळ पात्रात एवढ्याने तळ गाळात रुतू शकतो.

म्हणूनच जहाजाच्या बाजूवर रंगवलेल्या भाररेषांमध्ये गोड्या पाण्यासाठीची ‘एफ’ ही खूण समुद्रासाठीच्या उन्हाळी ‘एस’ खुणेच्या वर असते. ब्रिटिश संसद सदस्य सॅम्युअल प्लिमसोल यांच्या प्रयत्नांमुळे १८७६ च्या कायद्याने ब्रिटिश जहाजांवर भाररेषा आवश्यक ठरली. मात्र ती कोठे आखायची हे जहाजमालकच ठरवीत. ही पळवाट १८९० मध्ये बंद झाली.

१,०२५ हा आकडा सर्वत्र सारखा नसतो. क्षारता व दाब वाढल्यास घनता वाढते, तर तापमान वाढल्यास कमी होते. मोठ्या नद्यांचे पाणी मिसळत असल्याने बंगालच्या उपसागराच्या पृष्ठभागावरील पाणी अरबी समुद्रापेक्षा कमी खारट व हलके असते. मृत समुद्राच्या पाण्याची घनता तर सुमारे १,२४० किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे. महासागरात ४ किलोमीटर खोलीवर केवळ दाबामुळे पाणी आकसून घनता १,०४५ च्या आसपास पोहोचते. त्यामुळे तळापर्यंतच्या जलस्तंभाचे आकारमान काढताना पृष्ठभागाची घनता वापरल्यास उत्तर प्रत्यक्षापेक्षा मोठे येते. अशा वेळी स्तंभाचे थर पाडून प्रत्येक थराची घनता स्वतंत्रपणे घेतात.