मोबाइलवरचं बुद्धिबळ ‘गेम’ नाही का?

राजेहो, “पोरगं दिवसभर गेम खेळते” ही तक्रार नागपुरात घरोघरी. पण काय खेळते, ते तर पाहा! 28 जुलै 2025 ला आपल्या दिव्या देशमुखनं बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि थेट भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही इथलेच. त्याच आठवड्यात रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळ पहिल्यांदा आलं. बुद्धिबळपटू कार्लसन जिंकला, तेही कॉम्प्युटरवर चाली करून. त्यामुळे नुसते स्क्रीनचे तास मोजणं मला पटत नाही. खेळात पैसे लावले जातात का, हा खरा प्रश्न. ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंही पैसे लावायच्या खेळांवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. रमीवाल्या काकांनी नोंद घ्यावी!