बार्ज : पाण्यावरची मालगाडी

आम्ही बिदर-कलबुर्गीकडची माणसे. आमच्या मांजरेला आणि भीमेला पावसाळ्यात पूर येतो. उन्हाळ्यात त्यांचे पात्र ठिकठिकाणी पायी ओलांडता येते. म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांची नाव म्हणजे कातडे मढवलेली वेताची गोल नाव, कन्नडात जिला हरिगोलु म्हणतात ती. तिच्यातून पैलतीर गाठावा, फार मोठा माल तिने जात नाही. जेथे पाणी खोल आहे तेथे मात्र नावेने केवढे ओझे वाहिले आणि त्यावर किती घरे उभी राहिली, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

बार्ज ही रुंद, सपाट तळाची लोखंडी मालवाहू नाव होय. कोकणातल्या जुन्या पडावाचे हे थोरले भावंड म्हणावे. नाव जितके पाणी बाजूस सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा भार पाणी उचलून धरते. तळ रुंद असला की उथळ पाण्यातही पुष्कळ माल पेलतो. हजार टनांची एक बार्ज दहा टनांच्या शंभर ट्रकांचे काम करते आणि टनामागे इंधनही कमी लागते.

जवळचे उदाहरण गोव्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील लोहखनिज परदेशी जाऊ लागले. ट्रकांनी ते आमोणे, सावर्डे अशा नदीकाठच्या धक्क्यांवर आणावे आणि मांडवी-जुवारीतून बार्जेने मुरगाव बंदराकडे न्यावे, असा क्रम बसला. उथळ जागी भरतीची वाट पाहावी लागे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा धोक्याचा होई. तेव्हा बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. एक दार लागले तर तांडेलाला दुसरे ठाऊक होते.

पृथ्वीच्या उत्तर टोकास असे दुसरे दार सहसा नसते. कॅनडातील मॅकेन्झी नदी सुमारे १७०० किलोमीटर वाहत उत्तर महासागरास मिळते. हे रिव्हर या गावाहून बार्जी इंधन आणि वर्षाचे सामान घेऊन किनाऱ्यावरच्या वस्त्यांकडे जातात, तेही बर्फ वितळल्यावर उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच. २०१८ साली बर्फामुळे पौलाटुक, कुग्लुक्टुक आणि केंब्रिज बे येथे बार्जी पोहोचल्या नाहीत. माल विमानाने पाठवावा लागला.

गोव्यात दार बंद झाले ते बर्फाने नव्हे. खाणींतील गैरव्यवहाराचा प्रश्न पुढे येऊन २०१२ साली खाणकाम थांबले. २०१४ साली मर्यादा घालून परवानगी मिळाली. परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. नियम हवेतच, कारण डोंगर, शेते आणि नद्याही कोणाच्या तरी पोटाचा आधार असतात. पण खनिज थांबताच बार्जी नांगरून पडल्या, आणि ज्यांच्या हाती दुसरे काम नव्हते त्या तांडेल-खलाशांच्या चुलीवर त्याचा भार आला. पुढे २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. मधल्या वर्षांची रोजी मात्र परत आली नाही.

हे आम्ही दूरचे म्हणून सांगत नाही. कलबुर्गीचा शेतकरी तुरीवर आणि एका पावसावर भरवसा ठेवतो. पाऊस चुकला की त्याचीही बार्ज नांगरलेलीच. अशा वर्षी मुलाची शाळा सुटू नये, औषध अडू नये, यासाठीच न्यासाची पेटी असते. चांगल्या दिवसांत तिच्यात टाकलेला रुपया म्हणजे वाईट दिवसांसाठी राखून ठेवलेला कुंभारजुव्याचा कालवा. तो गाळाने भरू न देणे, एवढेच आपणा सर्वांच्या हाती आहे.