शिक्षा सरकारची, माप गर्दीचे

धिंड ही पेशवाईतली ओळखीची शिक्षा. डोक्याचे पाट काढायचे, तोंडाला काळे फासायचे, गाढवावर उलटे बसवायचे आणि गावभर फिरवायचे. तुरुंगात वर्षानुवर्षे पोसण्यापेक्षा हे सरकारला स्वस्त पडे. ज्या समाजात पत, सोयरीक आणि जातीतले स्थान चारचौघांच्या नजरेवर अवलंबून होते, तिथे अब्रू जाणे हाच मोठा दंड होता.

पण धिंड निघाली की पुढचे सरकारच्या हाती राहत नसे. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याचे प्रकरण त्याचा सर्वांत भयंकर दाखला. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसेक जण गुदमरून मेले. शहर खवळले आणि लोक जमले. इतकी वर्षे घाशीरामाला पाठीशी घालणाऱ्या नाना फडणवीसांना अखेर हात झटकावे लागले. घाशीरामाची धिंड काढून त्याला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे हे नाव घरोघरी पोचले.

त्या काळात इंग्लंडही वेगळे नव्हते. तिथे लाकडी चौकटीत मान आणि मनगटे अडकवून गुन्हेगाराला भर चौकात उभे करीत. तिला पिलरी म्हणत. न्यायाधीश फक्त तास ठरवी. फुले पडणार की दगड, हे बघ्यांवर होते. डॅनियल डिफो १७०३ मध्ये आपल्या उपरोधिक पुस्तिकेपायी तीन दिवस पिलरीत उभा राहिला आणि सुखरूप उतरला. गर्दी त्याच्या बाजूची होती. बक्षिसाच्या लोभाने निरपराधांवर खोटे आळ घेणाऱ्या जॉन वॉलरला मात्र १७३२ मध्ये लंडनच्या सेव्हन डायल्स चौकात जमावाने ठार केले. मारणाऱ्यांत, वॉलरच्या साक्षीवरून फाशी गेलेल्या एकाचा भाऊ होता.

हीच पिलरी कंपनी सरकारबरोबर मुंबईत आली. १८०४ मध्ये खोट्या साक्षीबद्दल एका स्त्रीला पाच वर्षे कैद झाली. शिवाय दरवर्षी ऑक्टोबरच्या सत्राच्या पहिल्या दिवशी तिने कोटातल्या न्यायालयासमोर, छातीवर आणि पाठीवर गुन्ह्याच्या पाट्या लावून, पिलरीत उभे राहायचे होते. पुण्याच्या गाढवापेक्षा हे शिस्तशीर खरे, पण जात एकच.

इंग्लंडने १८१६ मध्ये पिलरी मुख्यतः खोट्या शपथेपुरती ठेवली आणि १८३७ मध्ये ती बंद केली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतल्या शिक्षांच्या यादीत धिंडीला जागा मिळाली नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवेची नवी शिक्षा आणली, धिंड नाही. तरीही पुण्यापासून उल्हासनगर-अंबरनाथपर्यंत पोलिसांनी गुंडांना त्यांच्याच वस्तीतून फिरवल्याच्या बातम्या येतात, मोबाइलवर चित्रफिती फिरतात आणि लोक टाळ्या वाजवतात. कागदावर ती बहुधा घटनास्थळाची पाहणी असते. ज्यांना फिरवले जाते त्यांचा खटला तेव्हा उभाही राहिलेला नसतो.