थायरॉइडची गोळी चालू आहे, मग वजन का उतरतंय?

आजचा प्रश्न आपल्या ऐकणाऱ्या एका ताईंचा. त्यांच्या आईला बारा वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे, रोज उपाशीपोटी १०० मायक्रोग्रॅमची गोळी. गेल्या सहा महिन्यांत वजन ६८ किलोवरून ६१ वर आलंय. डाएट नाही, चालणं वाढवलेलं नाही. घरचे म्हणतात, "बरंच झालं की, गोळी लागू पडली!"

आता बघा, बारा वर्षं चालू असलेली गोळी आत्ताच कशी लागू पडेल? प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर त्याचं कारण शोधावंच लागतं. इथे तर दहा टक्के गेलंय.

पहिली शंका अर्थातच डोस जास्त होत असल्याची. धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, सारखं शौचाला जावं लागणं, आणि तपासणीत टीएसएच खाली. वय वाढलं, वजन घटलं की तोच डोस जास्त होऊ शकतो. डॉक्टरांनी तो बदलला, तर टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचा. त्याआधीचा आकडा फसवा असतो. आणि हो, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये सांगा. त्यामुळे काही मशिनवर टीएसएच खोटाच कमी दिसतो!

पण समजा टीएसएच नॉर्मल आला. बरेच जण इथे विषय संपवतात, आणि माझ्या मते हीच मोठी चूक. उलट आता थायरॉइड सोडून बाकीचं शोधायला हवं. तहान आणि लघवी वाढली असेल तर साखर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल तर टीबी. शिवाय कॅन्सर, आतड्याचे आजार, नैराश्यसुद्धा.

एक कारण दुर्मीळ आहे, पण सांगतोच. हाशिमोटो असलेल्यांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलेली असते. क्वचित ती मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींवरही उलटते. त्याला अ‍ॅडिसन्स म्हणतात. भूक जाते, वजन उतरतं, उभं राहिलं की चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, हिरड्या काळसर दिसतात. यात कॉर्टिसोलची कमतरता भरून न काढता थायरॉइडचा डोस वाढवला, तर जिवावर बेतू शकतं.

तेव्हा ताई, गोळी स्वतःहून बंद करू नका, कमी-जास्तही करू नका. जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि दर महिन्याचं वजन लिहिलेला कागद घेऊन आईला याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. चक्कर, उलट्या होत असतील तर आजच.