सैनिकाच्या खिशातला घडीचा चाकू

गेवराईच्या बाजारात लोखंडी अवजारांच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले, तर पात्यांचे दोन प्रकार सहज वेगळे काढता येतात. कोयता, विळा, खुरपे, सुरी यांचे पाते मुठीत पक्के बसवलेले असते. दुसऱ्या प्रकारात पाते एका खिळ्याभोवती फिरते आणि काम झाले की मुठीच्या खाचेत मिटते. हा घडीचा चाकू. या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कोयता बरोबर नेतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात हे उघडे पाते लेकराबाळांपासून सांभाळून न्यावे लागते. मग कोयता घडीचा का करत नाहीत?

वर्गात विचारावा असा हा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरातच सैनिकाच्या चाकूचे मर्म आहे. सैनिकाचा चाकू म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातली मारामारी येते. प्रत्यक्षात गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनी जे घडीचे चाकू शिपायांना दिले, ते बहुतांशी लढण्यासाठी नव्हते. शिपायाच्या रोजच्या कामाचे ते अवजार होते. असे का, हे बिजागरीचा हिशेब मांडला की कळते.

बिजागरीचा हिशेब

साध्या घडीच्या चाकूत तीन मुख्य भाग असतात : पाते, ज्याभोवती ते फिरते तो खिळा, आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टीची कमान. पात्याचे बूड चौकोनी असते. पाते पूर्ण उघडले की बुडाची सपाट बाजू कमानीखाली येते. कमान तिला दाबून धरते आणि पाते उघडे राहते. येथे कुलूप असे काही नाही, केवळ कमानीचा दाब आहे.

हा दाब किती उपयोगी पडतो? समजा, कमान ६० न्यूटन बलाने दाबते आणि हे बल खिळ्यापासून ५ मि.मी. अंतरावर लागते. त्याचे आघूर्ण ६० × ५ = ३०० न्यूटन-मि.मी. झाले. पात्याचे टोक खिळ्यापासून ६० मि.मी. दूर असेल, तर टोकाजवळ पात्याच्या पाठीवर केवळ ५ न्यूटन बल लावले, म्हणजे साधारण अर्ध्या किलोच्या वजनाइतके दाबले, की पाते मिटू लागेल. कापताना मात्र ही अडचण येत नाही. फळ किंवा दोरी कापताना बल धारेवर येते. ते पात्याला आणखी उघडू पाहते आणि बुडाची अडण त्याला थोपवते. भोसकताना किंवा अडकलेले पाते हिसडून काढताना बल तिरके किंवा पाठीवर येते. तेव्हा पाते मिटते आणि धारेखाली आपलीच बोटे सापडतात.

आता कोयत्याकडे वळू. उसावर घाव बसताना बल धारेवरच येते, म्हणजे पाते मिटणार नाही. मग अडचण कसली? समजा, घडीच्या कोयत्यावर खिळ्यापासून २०० मि.मी. अंतरावर १०० न्यूटनचा मार बसला. आघूर्ण झाले २०,००० न्यूटन-मि.मी. ते पेलायला खिळा आणि अडण यांच्यात अंतर आहे अवघे ५ मि.मी. म्हणजे त्या इवल्याशा खिळ्यावर सुमारे ४,००० न्यूटन, चारशे किलोच्या वजनाइतका भार येईल, आणि तो दिवसभर, घावागणिक! खिळा ढिला होईल, वाकेल, एखाद्या दिवशी तुटेल आणि पाते उडेल. मुठीत खोल रुतलेल्या पात्यात हाच भार मुठीच्या साऱ्या लांबीवर विभागला जातो. घावाचे अवजार घडीचे नसते, ते यामुळे.

राक्षसभुवनची हत्यारे

हाच नियम रणांगणालाही लागू पडतो. गोदावरीच्या काठी राक्षसभुवन हे गाव गेवराई तालुक्यातच आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. त्या काळची हातघाईची हत्यारे आठवून पाहावीत : तलवार, भाला, पट्टा, कट्यार, बिचवा. या हत्यारांत पाते आणि मूठ पक्की जोडलेली असते. तलवारीच्या पात्याचे निमुळते शेपूट मुठीच्या पोकळीत घालून राळेच्या मिश्रणाने घट्ट बसवत. कट्यारीची मूठ आडवी असते, त्यामुळे खुपसताना बल थेट मनगट आणि कोपराच्या रेषेत जाते. कोठेही सांधा नाही, कारण सांधा म्हणजे कच्चा दुवा.

पण सैन्याचे सगळेच काम घाव घालण्याचे नसते. फडावरच्या कारकुनाला बोरू तासायला कलमतराश, म्हणजे छोटा चाकू लागे. मोतद्दाराला दोर आणि कातडी वाद्या कापाव्या लागत. सैन्याच्या मुक्कामावर ही बारीकसारीक कामे लढाईपेक्षा कितीतरी जास्त वेळ चालत. घडीच्या चाकूचे खरे क्षेत्र हे. तो शोधही जुना आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकातला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे. रोमन काळातलेही असे चाकू युरोपात मिळाले आहेत. सैन्याने स्वतः नमुना ठरवून तो शिपायाला द्यावा, ही गोष्ट मात्र फार पुढची.

नवी बंदूक, नवा चाकू

या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध झाला तो स्वित्झर्लंडचा चाकू. १८८९ साली स्विस सैन्याने श्मिट-रुबिन ही नवी बंदूक स्वीकारली. ती खोलून साफ करायला पेचकस लागे. शिवाय शिपायाचे जेवण आता पत्र्याच्या डब्यांतून येऊ लागले होते. तेव्हा पाते, पेचकस, डबा उघडायचे पाते आणि चांभाराच्या आरीसारखी एक आरी, अशी चार साधने असलेला ‘१८९० नमुना’ ठरवण्यात आला. मूठ गडद रंगाच्या लाकडाची होती. लांबी १०० मि.मी. आणि वजन १४४ ग्रॅम.

एवढे चाकू वेळेत करून देईल असा कारखाना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. पहिले चाकू जर्मनीतील झोलिंगेन येथून आले. इबाख गावच्या कार्ल एल्झेनर या कारागिराला हे खटकले. त्याचा श्वीट्स परगणा तेव्हा गरीब होता आणि कामासाठी लोक देशांतर करत होते. त्याने १८९१ मध्ये इतर कारागिरांना जोडून घेऊन सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. झोलिंगेनचा यंत्रावरचा माल स्वस्त पडे. बरेच साथीदार गळाले आणि एल्झेनर कर्जबाजारी झाला. तरी तो टिकून राहिला. जिथून दरवर्षी माणसे कामासाठी बाहेर पडतात, अशा आपल्या भागातील वाचकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

एल्झेनरची तांत्रिक करामत अशी की, त्याने एकाच कमानीचा उपयोग चाकूच्या दोन्ही बाजूंच्या साधनांसाठी केला. त्यामुळे जाडी न वाढवता साधने वाढली. जून १८९७ मध्ये नोंदवलेल्या त्याच्या ‘अधिकाऱ्यांच्या चाकू’त आणखी एक लहान पाते आणि बूच काढायचा स्क्रूही होता. हा चाकू सैन्य देत नसे, अधिकारी तो पदरचे पैसे देऊन घेत. १९०९ साली वारलेल्या आईच्या व्हिक्टोरिया या नावावरून त्याने आपल्या मालाला नाव दिले, आणि १९२१ मध्ये त्याला गंजरोधक पोलादाचा ‘इनॉक्स’ हा शब्द जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव तयार झाले.

अंबाजोगाईचे घोडदळ आणि दोरीचा सुळा

आता पुन्हा बीड जिल्ह्यात येऊ. अंबाजोगाई, म्हणजे त्या वेळचे मोमिनाबाद, हे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाचे ठाणे होते. ही फौज १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. कंटिन्जंटच्या घोडदळातील एका पलटणीचे नाव पुढे ‘२० वे डेक्कन हॉर्स’ झाले. पहिल्या महायुद्धात ही पलटण फ्रान्समध्ये होती, आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत तिने भाले घेऊन चढाई केली. भाला अर्थातच अखंड, बिनसांध्याचा.

त्याच काळात ब्रिटिश शिपायाजवळ दोरीने अडकवलेला एक घडीचा चाकू असे. त्यात तीन साधने होती : बोथट टोकाचे रुंद पाते, डबा उघडायचे पाते आणि दाभणासारखा जाड सुळा. हा सुळा घोड्याच्या खुरातले खडे काढण्यासाठी असतो, असे अजूनही सांगितले जाते. वास्तविक तो खलाशांच्या चाकूतून आलेला आहे. ओल्या दोराची आवळलेली गाठ सोडवणे आणि दोराचे पीळ उकलून त्यांत दुसरा दोर गुंफणे हे त्याचे काम. पात्याचे टोक बोथट असण्यातही अर्थ आहे. हलत्या जहाजावर किंवा गर्दीच्या छावणीत कापायला धार हवी असते, भोसकणारे टोक नको असते.

एका हाताने उघडणारा चाकू

साधा घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. विमानातून उडी मारलेला छत्रीधारी सैनिक झाडात अडकला, तर एका हाताने त्याला लोंबकळावे लागते. यासाठी जर्मन छत्रीधारी सैनिकांना १९३७ पासून एक वेगळा चाकू देण्यात आला. त्याची मूठ खाली करून खटका दाबला की पाते स्वतःच्या वजनाने सरकत बाहेर येई, आणि खटका सोडला की तिथेच पक्के बसे. गुरुत्वाकर्षणाचा हा उपयोग मुलांना नक्की आवडेल. हा चाकूही मुख्यतः छत्रीच्या दोऱ्या कापण्यासाठी होता.

अमेरिकन सैन्याने १९४२ मध्ये चाकूतले एकच साधन वेगळे काढले. ‘पी-३८’ हे डबा उघडायचे घडीचे पाते जेमतेम ३८ मि.मी. लांबीचे होते. पुढे जेवणाचे डबे मागे पडून थरांच्या पिशव्या आल्या. आपल्याकडेही म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने, जिची स्थापना १९६१ मध्ये झाली, सैनिकांसाठी पिशवीतले शिजवलेले अन्न विकसित केले. पिशवी फाडून उघडते. अन्नाचे वेष्टन बदलले की चाकूतल्या एका पात्याचे काम कमी होते, ते असे.

स्विस सैन्याच्या २००८ च्या नमुन्यात पाते एका हाताने उघडते आणि त्याला कुलूपही आहे. पाते उघडताच मुठीतली एक पोलादी पट्टी सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते. आता मिटण्यासाठी कमानीचा दाब ओलांडून चालत नाही, पट्टीच चेपावी लागेल. बोटे वाचतात. खिळा आणि अडण यांच्यातले थोडके अंतर मात्र तसेच राहते, म्हणून या चाकूनेही ऊस तोडता येणार नाही. या नमुन्याची लांबी १११ मि.मी. आणि वजन १३१ ग्रॅम आहे. पहिल्या चाकूपेक्षा तो लांब आहे, पण हलका आहे.

एकाच पोलादाची दोन रूपे

धातूंच्या अभ्यासात आम्हांला या चाकूचे विशेष आकर्षण वाटते ते आणखी एका कारणाने. पाते कठीण हवे, नाहीतर धार बसते. कमान चिवट हवी, नाहीतर वाकताना तुटते. पारंपरिक कारागीर दोन्हींसाठी कर्बयुक्त पोलादच वापरी. लाल तापवून ते विझवले की कठीण पण ठिसूळ होते. मग ते पुन्हा थोडे तापवायचे. घासलेल्या पृष्ठभागावर गवती पिवळा रंग दिसू लागला, म्हणजे तापमान सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअस झाले, की पाते बाजूला काढतात. कमान आणखी तापवतात आणि सुमारे ३०० अंशांना निळा रंग आला की थांबवतात. हे रंग लोहाच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे दिसतात. तापमापक नसताना लोहार जे रंग वाचतो ते हेच.

साध्या पोलादाला घामाने गंज चढतो आणि बिजागरी आवळते. क्रोमियम सुमारे १३ टक्के असलेले पोलाद हा त्यावरचा उपाय. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद तयार केले. स्विस शिपायाच्या चाकूत ते १९५१ च्या नमुन्यापासून आले.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सर्व शिकवायला वर्गात खरा चाकू आणू नये. जाड पुठ्ठ्याची मूठ, पुठ्ठ्याचेच पाते, खिळ्याऐवजी टाचणी आणि कमानीऐवजी रबर बँड एवढे साहित्य पुरते. पाते मिटवण्यासाठी ते टाचणीपासून २, ४ आणि ८ सें.मी. अंतरावर बोटाने ढकलावे. अंतर वाढेल तसे कमी बल लागते, हे विद्यार्थ्यांना स्वतः जाणवेल. स्प्रिंगचा काटा असल्यास बल मोजून बल × अंतर हा गुणाकार प्रत्येक वेळी जवळपास सारखा येतो का, ते पाहावे.

दुसरा उपक्रम घरचा. अडकित्ता, विळी, खुरपे, कोयता यांपैकी एक अवजार मुलांनी निवडावे. त्याच्या प्रत्येक भागापुढे तो भाग कोणत्या कामासाठी तसा झाला, ते लिहावे. कोयत्याबद्दल माहिती हवी असेल, तर ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला जातात ती मुले वर्गाला सर्वांत जास्त सांगू शकतील. कोयत्याची मूठ किती लांब असावी, पात्याला किती बाक हवा, धार दिवसातून किती वेळा लावावी लागते, हे त्यांना घरूनच ठाऊक असते. त्या दिवशी त्यांना फळ्यापाशी बोलवावे.