न्हाणीघरातली गळती : आधी शोध, मग तोडफोड

शॉवरची गळती क्वचितच शॉवरपाशी दिसते. पाणी टाइल्सच्या मागून उतरते, स्लॅबच्या भेगेत शिरते, उताराकडे सरकते आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीवर किंवा खालच्या मजल्याच्या छतावर ओल होऊन उमटते. म्हणून डाग दिसला तिथेच छिन्नी लावली की पैसा खर्च होतो आणि गळती तशीच राहते. ओल कुठे आहे याहून ती केव्हा वाढते, हे आधी पाहायला हवे.

उज्जैनमध्ये हा प्रश्न जास्त गंभीर होतो, त्याचे एक कारण जमिनीत आहे. शहर माळव्याच्या पठारावर, काळ्या मातीवर वसले आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. वरच्या मजल्यावरची गळती निदान खालच्या छतावर दिसते. तळमजल्यावरची गळती मात्र थेट पायाखालच्या मातीत मुरते. पायाचा एक कोपरा सतत ओला आणि बाकीचा कोरडा राहिला तर माती सर्वत्र सारखी फुगत नाही. मग भिंतीला तिरकी भेग पडते किंवा दाराची चौकट अडकू लागते. जुन्या वस्तीतल्या विटा-चुन्याच्या आणि लाकडी तुळयांच्या घरांत, जिथे वरच्या मजल्यावर नंतर न्हाणीघर काढले आहे, तिथे तुळईचे भिंतीतले टोक कुजण्याची भीती आणखी वेगळी.

गळतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार नळाच्या पाइपातल्या गळतीचा. गंजलेली जस्तलेपित लोखंडी पाइप, सीपीव्हीसीचा नीट न चिकटलेला जोड, भिंतीत दडलेला मिक्सर किंवा शॉवरच्या दांडीचे आटे, यांपैकी कुठूनही ती होऊ शकते. पाइपात पाणी सदैव भरलेले असल्याने ही ओल घर बंद असले तरी वाढत राहते. दुसरा प्रकार सांडपाण्याचा. फरशीवरचे पाणी सांडपाण्याच्या नळीत सोडणारा नहाणी ट्रॅप आणि स्लॅब यांमधला जोड सुटला की अंघोळीनंतर तासा-दोन तासांत ओल गडद होते. तिसरा प्रकार टाइल्सच्या सांध्यांतून झिरपणाऱ्या पाण्याचा. सिमेंटचे ग्राऊट पाणी शोषते आणि भिंत व फरशी मिळतात तो कोपरा सर्वांत आधी तडकतो.

ओलीची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख लिहावी आणि ते न्हाणीघर दोन-तीन दिवस बंद ठेवावे. ओल वाढतच राहिली तर संशय पाइपावर. आकसली तर दोष ट्रॅपमध्ये किंवा टाइल्समध्ये. जून ते सप्टेंबर या काळात गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतीतून येणारी ओल यात मिसळते, म्हणून ही तपासणी कोरड्या दिवसांत केलेली बरी.

घरच्या घरी तपासणी

उज्जैनला पाण्याचा मुख्य पुरवठा गंभीर धरणातून होतो. धरणाची क्षमता 2250 दशलक्ष घनफूट आहे, पण पाऊस कमी झालेल्या वर्षी शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली आहे. त्यामुळे घरोघरी गच्चीवर टाकी असते, आणि गळती मोजायला मीटरपेक्षा ही टाकीच अधिक कामाची. रात्री टाकीत येणारे पाणी बंद करावे, सगळ्या तोट्या बंद असल्याची खात्री करावी आणि पाण्याच्या पातळीशी खूण करावी. एक मीटर व्यासाच्या उभ्या गोल टाकीत पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे 8 लिटर पाणी गेले. याच रात्री कमोडच्या फ्लश टाकीचा कॉकही बंद ठेवावा, नाहीतर तिथली गळती शॉवरच्या नावावर जमा होते.

पातळी जागच्या जागी राहिली तर पाइप निर्दोष समजून पुढची तपासणी करावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड भरून त्याचा बोळा ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवावा, फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवून 24 तास ठेवावे. खाली ओल आली तर दोष फरशीत किंवा कोपऱ्यात. आली नाही तर बोळा काढून फक्त ट्रॅपमध्ये रंग मिसळलेले पाणी ओतावे. रंग खाली उतरला की जोड पकडला गेला. शेवटी शॉवरचा झोत पंधरा मिनिटे फक्त भिंतीवर सोडावा. हा क्रम बदलू नये आणि दोन चाचण्या एकाच दिवशी करू नयेत, नाहीतर पाणी कोणत्या वाटेने आले ते कळत नाही. पाइपावर संशय पक्का झाला तर प्लंबरकडून हातपंपाने दाबाची चाचणी करून घ्यावी. गरम आणि गार पाण्याची पाइप वेगवेगळी तपासली की भिंत नेमक्या जागी फोडता येते.

दुरुस्ती

शॉवर बंद केल्यावर काही मिनिटे ठिबकतो, ते आत उरलेले पाणी असते. ठिबक थांबतच नसेल तर तोटीचा वॉशर किंवा कार्ट्रिज बदलावे. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला 4 ते 8 लिटर पाणी जाते. बोअरवेलचे पाणी जड असेल तर क्षाराचे थर वॉशर लवकर खराब करतात. शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करावी. दांडीच्या जोडातून पाणी येत असेल तर जुनी टेफ्लॉन टेप पूर्ण काढून आट्यांच्या दिशेने नवी गुंडाळावी.

टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राऊट भरावे, कारण ते पाणी शोषत नाही. ट्रॅपभोवतीची पोकळी न आक्रसणाऱ्या ग्राऊटने बुजवावी. फरशी उखडणे हा शेवटचा उपाय. ती वेळ आलीच तर कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई द्यावी, वॉटरप्रूफिंगचे दोन थर एकमेकांना आडवे-उभे लावावेत, शॉवरखालच्या भिंतीवर ते सहा फुटांपर्यंत न्यावेत आणि फरशी बसवण्याआधी पाणी साठवून 48 तास परीक्षा घ्यावी. ट्रॅपकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार असावा.

ओलीवर थेट रंग किंवा पुट्टी चढवू नये. आतले पाणी क्षार घेऊन बाहेर येते, भिंतीला लोणा लागतो आणि पोपडे पुन्हा सुटतात. गळती थांबल्यावर भिंत काही आठवडे वाळू द्यावी, गिलावा त्यानंतर. ओल गीझरच्या किंवा विजेच्या बटणांजवळ असेल तर तो विद्युतजोड आधी बंद करावा आणि घरात विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याची खात्री करावी. स्लॅबचे काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसत असेल तर काम प्लंबरच्या पलीकडे गेले आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा अनेकपट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

एका वॉशरची किंमत आणि संपूर्ण न्हाणीघर उखडण्याचा खर्च यांत फार मोठे अंतर आहे. पहिला डाग दिसताच पेन्सिलने कड आखली आणि टाकीवर खूण केली, तर बहुतेक घरांना तो मोठा खर्च टाळता येतो.